रायडिंग मोअर: सीटखालचा स्विच, मागचा उतार आणि घरातली मुले

टेकडीघर

गेल्या शनिवारी माझ्या बाबतीत जे घडता घडता राहिले, ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आम्ही अमेरिकेत पिट्सबर्गच्या उत्तरेला राहतो. घराभोवतीची जागा पाऊण एकर, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने तीस गुंठे आहे आणि तिचा निम्मा भाग उताराचा आहे. पहिली दोन वर्षे मी हाताने ढकलायच्या मोअरने गवत कापले. मे महिन्यात येथे गवत इतके जोमाने वाढते की आठवड्यातून दोनदा कापले तरी पुरत नाही, त्यामुळे या वसंतात एका गृहस्थांकडून ४२ इंची डेकचा (डेक म्हणजे पाती झाकणारे खालचे कवच) जुना रायडिंग मोअर, म्हणजे बसून चालवायचे गवत कापणारे यंत्र, विकत घेतला. त्यांनी तो चालवून दाखवला, मी पैसे दिले आणि ट्रेलरवर चढवून घरी आणला. पुस्तिका त्यांच्याकडे नव्हती आणि मीही ती मागितली नाही.

शनिवारी गवत कापताना वाटेत एक फांदी पडलेली दिसली. मी थांबलो, पार्किंग ब्रेक लावला आणि फांदी उचलायला खाली उतरलो. इंजिनाचा आवाज तसाच चालू होता, त्यात मला काही वावगे वाटले नाही. फांदीचे टोक डेकच्या कडेला लागले आणि त्याच्या चिरफळ्या उडाल्या, तेव्हा कळले की पातीही फिरतच आहेत. माझा उजवा पाय त्या वेळी गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता.

यंत्र बंद करून सीट उचलून पाहिली. सीटखालच्या स्विचच्या दोन्ही वायरी कापून एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि त्यावर व्यवस्थित काळी टेप गुंडाळलेली होती. म्हणजे चालक सीटवर नाही हे ओळखून पाती थांबवणारी जी व्यवस्था यंत्रात मुळात असते, ती कोणीतरी समजून उमजून काढून टाकली होती आणि मी ती न तपासता दोन महिने या यंत्रावर बसत होतो. त्याहून वाईट गोष्ट अशी की त्या दोन महिन्यांत माझ्या पाच वर्षांच्या मुलीला मी दोनदा मांडीवर घेऊन फेरी मारली आहे.

ज्यांना या यंत्राचा अनेक वर्षांचा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मला आता सगळे पहिल्यापासून शिकायचे आहे.

ओहायोकर

तुम्ही सुखरूप आहात हे वाचून हायसे वाटले. मी एकोणीस वर्षे रायडिंग मोअर चालवतो आणि शेजाऱ्यांचे मोअर दुरुस्तही करतो. जोडून टाकलेला सीट स्विच मी अनेकदा पाहिला आहे, त्यामुळे तो का जोडतात हे आधी सांगतो.

जमीन खडबडीत असली की चालक सीटवरून क्षणभर उचलला जातो, स्विच सुटतो आणि इंजिन गचकते. स्विच जुना झाला किंवा सीटची स्प्रिंग सैल झाली की हे वारंवार होते आणि अर्धवट राहिलेले काम संपवण्याच्या घाईत माणूस वायरी जोडून मोकळा होतो. वास्तविक बहुतेक वेळा नवा स्विच, नवी स्प्रिंग किंवा गंज साफ केलेले कनेक्टर एवढ्यावर काम भागते. सीटखाली किंवा मागच्या चाकाच्या मडगार्डखाली मॉडेल क्रमांकाची पट्टी असते. त्या क्रमांकावरून सुटा भाग तर मिळतोच, शिवाय बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर पुस्तिकाही फुकट उतरवून घेता येते. पुस्तिका आधी उतरवा, भाग नंतर मागवा.

दुरुस्तीनंतर सपाट जागी, आसपास कोणी नसताना, या चाचण्या करा. पाती जोडलेली असताना इंजिन सुरू होता कामा नये. ब्रेक लावलेला नसताना सुरू होता कामा नये. आणि ब्रेक लावून, पाती चालू ठेवून सीटवरून नुसते अंग उचलले, खाली न उतरता, तरी इंजिन किंवा निदान पाती लगेच बंद पडली पाहिजेत. पाती बंद केल्यावर ती सुमारे पाच सेकंदांत पूर्ण थांबायला हवीत. त्याहून जास्त वेळ ती घरंगळत राहिली, तर पातीचा ब्रेक झिजलेला आहे असे समजा. मी दर वसंतात पहिल्यांदा इंजिन सुरू करतो तेव्हा आणि हंगामात मधून मधून हे करून पाहतो, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हाताने ढकलायच्या मोअरचे हँडल सोडले की तीन सेकंदांत पाते थांबलेच पाहिजे, असा अमेरिकेत १९८२ पासून सक्तीचा केंद्रीय नियम आहे. रायडिंग मोअरसाठी असा सक्तीचा नियम नाही. त्यांची सुरक्षा उद्योगाने स्वीकारलेल्या ऐच्छिक मानकावर चालते. नवे यंत्र त्या मानकाप्रमाणे बनलेले असते, पण तीन मालकांच्या हातून आलेल्या यंत्रात त्यातले काय शिल्लक आहे, हे विकत घेणाऱ्यालाच तपासावे लागते. त्याच मानकात पात्याच्या टोकाच्या वेगाला मर्यादा आहे आणि ती मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे ताशी ३४० किलोमीटरहून अधिक आहे. त्या वेगाने फिरणाऱ्या पात्याखाली सुपारीएवढा खडा आला, तर तो किती लांब आणि किती जोराने जाईल याची कल्पना करा. म्हणूनच गवत बाहेर पडण्याच्या तोंडावरचे प्लॅस्टिकचे झाकण तुटले असेल, तर ते बसवेपर्यंत मोअर चालवू नये.

निशिगंधा

टेकडीघर, तुम्ही मुलीबद्दल मोकळेपणाने लिहिलेत म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते. पहिल्या वर्षी आमच्या घरीही हेच चालले होते. मोअर नवा होता, मुलगा चार वर्षांचा होता आणि त्याला मांडीवर घेऊन काढलेला फोटो आम्ही पुण्याला सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता.

पुढे जे घडले त्यानंतर तो फोटो मला पाहवत नाही. मांडीवर बसल्यामुळे काही झाले नाही. झाले ते तीन आठवड्यांनी. माझे यजमान मागच्या बाजूला एकटेच गवत कापत होते, मी स्वयंपाकघरात होते, आणि मोअरचा आवाज ऐकून मुलगा मागचे दार उघडून थेट तिकडे धावत सुटला. त्याच्या दृष्टीने तो आवाज म्हणजे फेरी मारायचे बोलावणे होते. यजमान नेमके कुंपणाजवळ मोअर मागे घेत होते. पाती फिरत असताना यंत्र मागे जाऊ देणारे बटण त्यांनी दाबलेले होते आणि कानांवर आवाज अडवणारे मफ होते. कुंपणापलीकडून शेजारीण जिवाच्या आकांताने हात हलवू लागली, ते त्यांना दिसले म्हणून ते थांबले.

मांडीवरच्या फेरीने लहान मुलाच्या मनात मोअर ही मौजेची वस्तू होऊन बसते, बाबा त्यावर दिसले की आपली पाळी आली असे त्याला वाटते, आणि बाबांना मात्र मागून येणारे तीन फूट उंचीचे मूल दिसत नाही की ऐकू येत नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मला त्यानंतर अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या सूचना दाखवल्या. सहा वर्षांखालची मुले गवत कापताना घरातच असावीत, चालकाखेरीज कोणीही रायडिंग मोअरवर बसू नये, हाताने ढकलायचा मोअर निदान बारा वर्षांच्या आणि रायडिंग मोअर निदान सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावा, असे त्यांत स्पष्ट आहे. ‘मुले लांब असावीत’ असे न म्हणता ‘घरात असावीत’ असे म्हटले आहे, याकडे लक्ष द्या. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खेळणारे मूल अर्ध्या मिनिटात या टोकाला येते.

आता आमच्या घरी नियम असा आहे की मोअरची किल्ली लावण्याआधी यजमान घरात येऊन सांगतात आणि मुलाची जबाबदारी कोणाकडे आहे हे नाव घेऊन ठरते. ‘कोणीतरी पाहील’ हे आम्ही बंद केले. मागच्या दाराला वरच्या बाजूला कडी लावली. आणि दार उघडलेले दिसले, कोणीही बाहेर येताना दिसले, तर त्याची वाट न पाहता आधी पाती बंद करायची.

देवगड_ते_डॅलस

मला एक शंका आहे. पाती बंद ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, सपाट जागी मुलाला एक फेरी मारली तर त्यात नेमका धोका कोणता? मुलांना आनंद होतो. मी वाद घालायचा म्हणून विचारत नाही, मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

निशिगंधा

तुमची शंका आमच्या घरीही निघाली होती. पाती बंद असली तरी घसरून पडलेले मूल मागच्या चाकाखाली येऊ शकते, कारण मांडी आणि मडगार्ड यांखेरीज त्याला धरायला काहीच नसते. पण त्याहून मोठे कारण मी वर लिहिले तेच आहे. पाती बंद आहेत की चालू, हा फरक तुम्हाला कळतो. चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. तुम्ही दिलेली फेरी सुरक्षित असली, तरी त्या फेरीमुळे ते मूल पुढच्या आठवड्यात ज्या यंत्राकडे धावेल, त्याची पाती फिरत असतील.

देवगड_ते_डॅलस

पटले. मी हा विचार केला नव्हता. आमच्या मुलाला आजच समजावून सांगतो आणि फेऱ्या बंद करतो.

वारणाकाठ

मी सांगली जिल्ह्यात शेती करतो, लॉन मोअर काही चालवत नाही, पण हा धागा वाचताना प्रत्येक ओळीला आमचा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आला, म्हणून लिहितो. आमच्याकडे पोराला मडगार्डवर बसवून रानात नेणे ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की त्याला कोणी धोका म्हणतच नाही. मी स्वतः वडिलांच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून लहानाचा मोठा झालो. आमच्या शेजारच्या गावात सरीच्या खाचेत चाक आपटून असेच एक पोर खाली पडले आणि मागे रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती फोडणारे अवजार, चालू होता. त्याहून जास्त लिहीत नाही. त्या दिवसापासून माझ्या ट्रॅक्टरवर माझ्याखेरीज कोणी बसलेले नाही, आणि पाहुणे रुसले तरी मी ऐकत नाही.

सीट स्विचबद्दल लिहिलेत तसेच आमच्याकडे पीटीओ शाफ्टवरच्या (ट्रॅक्टरमागच्या अवजाराला इंजिनाची शक्ती देणाऱ्या फिरत्या दांड्यावरच्या) आवरणाचे आहे. ग्रीस भरायला अडथळा होतो म्हणून ते काढतात आणि परत बसवत नाहीत. धोतराचा सोगा, ओढणी, पदर, अगदी सैल बाहीसुद्धा फिरत्या शाफ्टला गुंडाळायला क्षण पुरतो. कामाच्या घाईने काढलेली वस्तू काम संपल्यावर कोणी परत लावत नाही, हे अमेरिकेत काय आणि आमच्याकडे काय, सारखेच दिसते.

टेकडीघर

सर्वांचे मनापासून आभार. नवा स्विच मागवला आहे आणि तो येईपर्यंत मोअरची किल्ली कपाटात ठेवली आहे. निशिगंधाताई, तुमचा प्रतिसाद मी आणि माझ्या पत्नीने एकत्र बसून वाचला. मुलगी आज संध्याकाळीच विचारत होती की फेरी कधी मारायची. तिला ‘आता नाही’ एवढेच सांगितले होते, ते पुरेसे नव्हते हे आता कळते.

माझा पुढचा प्रश्न उताराबद्दल आहे. आमच्या मागच्या बाजूला जागा एका ओढ्याकडे उतरत जाते. मी आतापर्यंत तो भाग आडवा कापत होतो, कारण ढकलायच्या मोअरने आडवेच कापायचे असे मला कोणीतरी सांगितले होते. ते बरोबर आहे का?

ओहायोकर

ढकलायच्या मोअरसाठी ते बरोबर आहे आणि तुमच्या मोअरसाठी नेमके उलट आहे. कारण लक्षात घेतले की पुन्हा गोंधळ होणार नाही. ढकलायचा मोअर घेऊन तुम्ही उताराला उभे कापू लागलात, तर चढताना पाय घसरल्यास यंत्र तुमच्या अंगावर येते आणि उतरताना घसरल्यास तुमचे पाय त्याच्याखाली जातात. आडवे चालताना पाय घसरला तरी माणूस एका बाजूला पडतो. रायडिंग मोअरवर मात्र भीती आडवे कलंडण्याची असते, कारण चाकांची रुंदी कमी आणि बसणाऱ्याचे वजन उंचावर असते. म्हणून तुमच्या यंत्रासारख्या लॉन ट्रॅक्टरने उभे, वर-खाली कापतात. झीरो टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणाऱ्या यंत्राबाबत मात्र पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच करावे. बहुतेक झीरो टर्नची पुढची चाके नुसती फिरती असतात. वळणे आणि थांबणे ही दोन्ही कामे मागची चाकेच करतात, त्यामुळे ती घसरली की वेगाबरोबर दिशाही हातातून जाते.

आता किती उतार चालेल हा प्रश्न. बहुतेक लॉन ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत १५ अंशांची मर्यादा असते, काही झीरो टर्नना ती १० अंशांची आहे. डोळ्यांनी अंदाज करू नका. डोळ्यांचा अंदाज चुकतो. चार फूट लांबीची सरळ फळी घ्या, तिचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, फळीवर पाणसळ ठेवून ती अगदी आडवी करा आणि दुसऱ्या टोकाखालचे जमिनीपर्यंतचे अंतर उभे मोजा. ते साडेआठ इंच भरले तर उतार १० अंशांचा आहे. तेरा इंचांच्या जवळ गेले तर १५ अंशांचा. मीटरभर लांबीच्या फळीला हेच आकडे साधारण साडेसतरा आणि सत्तावीस सेंटिमीटर येतात. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. ओढ्याजवळ जमीन एकदम वाकते, तेथे वेगळे मोजा.

तुमच्या यंत्राचा ब्रेक आणि इंजिनाची ओढ ही दोन्ही फक्त मागच्या चाकांवर असतात. खाली उतरताना वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि ओल्या गवतावर ती अडली की सगळे यंत्र पाटासारखे घसरत जाते. अशा वेळी ब्रेक आणखी दाबून उपयोग होत नाही, कारण चाक आधीच थांबलेले असते. घसरू लागल्याचे जाणवताच पाती बंद करा, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि वळायचा प्रयत्न न करता सरळ खाली जाऊ द्या. म्हणून उतारावर गवत कोरडे असल्याखेरीज जाऊच नये; सकाळचे दव दहा वाजेपर्यंत सुकत नाही. उतारावर गिअर बदलू नये, न्यूट्रल करू नये आणि मोअर ढकलत नेण्यासाठी मागे जी ट्रान्समिशन मोकळी करणारी दांडी असते, तिला तर हातही लावू नये. ती ओढलेली असली तर बऱ्याच यंत्रांना उतारावर काहीही धरून ठेवत नाही. चढावर झटक्याने निघाल्यास पुढची चाके उचलली जातात, आणि मागे गवताची पिशवी जोडलेली आणि भरलेली असेल तर अधिकच.

ओढ्याच्या कडेपासून यंत्राच्या रुंदीच्या दुप्पट अंतर सोडा. तुमच्या ४२ इंची डेकला म्हणजे निदान सात फूट. काठाची माती पावसाने आतून पोखरलेली असते आणि वर गवत हिरवेगार असल्यामुळे ते कळत नाही. राहिलेली पट्टी हातात धरायच्या स्ट्रिंग ट्रिमरने (फिरत्या दोरीने गवत कापणाऱ्या यंत्राने) कापता येते.

कलंडण्यापासून वाचवणारी लोखंडी कमान काही मोठ्या यंत्रांना असते. ती उभी असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे, म्हणजे यंत्र उलटले तरी चालक कमानीच्या आड राहतो. कमान खाली पाडलेली असेल किंवा मुळातच नसेल, तर पट्टा बांधू नये.

परिचारिका_मिशिगन

मी आपत्कालीन विभागात काम करते. मोअरच्या जखमा स्वच्छ कापलेल्या नसतात; त्यांत माती, गवत, कापडाचे धागे खोलवर गेलेले असतात, त्यामुळे एका शस्त्रक्रियेत काम क्वचितच संपते. लहान मुलांच्या हाडांच्या वाढीच्या जागी इजा झाली, तर त्याचे परिणाम वय वाढेल तसे पुढे येत राहतात.

वेळ आलीच तर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला इतके माहीत असावे. प्रथम यंत्र बंद करावे, नाहीतर मदतीला धावणाराही जखमी होतो. लगेच ९११ ला फोन करावा, स्वतः गाडीत घालून नेऊ नये. स्वच्छ कापडाने जखमेवर जोरात, न उचलता दाब धरावा. हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबाने थांबत नसेल, तर जखमेच्या वरच्या, म्हणजे हृदयाकडच्या बाजूला टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा आवळपट्टा) घट्ट आवळावा आणि वेळ लिहून ठेवावी. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फ थेट त्या भागाला लागू देऊ नये. टूर्निके ऑनलाइन सहज मिळतो. आमच्या गॅरेजमध्ये तो मोअरच्या वरच्या खुंटीलाच टांगलेला असतो.

राली_रहिवासी

एक धोका कोणी लिहिला नाही, तो लिहितो. आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमिनीतल्या बिळात यलो जॅकेट जातीच्या गांधीलमाश्यांची पोळी पूर्ण भरलेली असतात. बीळ रुपयाएवढे असते, गवतात दिसत नाही, आणि मोअरची थरथर पोहोचली की त्या झुंडीने बाहेर येतात. दोन वर्षांपूर्वी मला मानेवर आणि कानामागे एकदम सात-आठ ठिकाणी चावल्या. मी काय केले ते मला आठवतही नाही. नंतर पत्नीने सांगितले की मी चालत्या मोअरवरून उडी टाकून घराकडे पळालो. मोअर चार-पाच फुटांवर बंद होऊन उभा होता. सीट स्विच जोडून टाकलेला असता, तर तो पाती फिरवत उताराने रस्त्याकडे गेला असता.

म्हणून ‘मी सावध असतो, मला स्विचची गरज नाही’ असे म्हणणाऱ्याला मी हाच प्रसंग सांगतो. आता ऑगस्ट लागला की गवत कापण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी जागेवरून सावकाश चालत फिरतो. जमिनीतून माश्यांची ये-जा दिसली, तर लांबून झेंडी रोवतो, तेवढा भाग सोडून देतो आणि जाणकार माणसाला बोलावतो. बिळात पेट्रोल ओतणारे लोक आहेत, ते कृपया करू नका. त्याच फेरीत कुत्र्याची हाडे, खेळण्यांचे तुकडे, स्प्रिंकलरची तोंडे, वादळात पडलेल्या फांद्या हेही उचलून होते.

हिरवळ_वेडा

इंधनाबद्दल थोडक्यात. गरम इंजिनात पेट्रोल भरू नये, ते पूर्ण निवू द्यावे. पेट्रोल पंपावर कॅन ट्रकच्या प्लॅस्टिकच्या तळावर ठेवून भरू नये, जमिनीवर ठेवून भरावा, कारण स्थिर विजेची ठिणगी पडते. १० टक्क्यांपेक्षा अधिक इथेनॉल असलेले पेट्रोल या इंजिनांना चालत नाही. सुके गवत मफलरभोवती (इंजिनाचा धूर बाहेर सोडणाऱ्या डब्याभोवती) साठू देऊ नये आणि काम संपताच मोअर गॅरेजात ढकलू नये. गरम मफलरावर गवत धुमसत राहते आणि गॅरेजात कार असते. पाती बदलताना किंवा डेकखाली हात घालताना किल्ली काढून, स्पार्क प्लगची वायर उपसून ती बाजूला वळवून ठेवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली कोणीही शिरू नये.

अंजनवेल

सासू-सासरे येत्या जूनमध्ये सहा महिन्यांसाठी येत आहेत. सासऱ्यांनी आयुष्यभर बस चालवली आहे आणि मागच्या वेळी आले होते तेव्हापासून त्यांना मोअर चालवायची फार इच्छा आहे. त्यांना दुखावल्याशिवाय काय सांगावे? त्यांना एका कानाने कमी ऐकू येते आणि ते घराबाहेरही चप्पलच घालतात.

निशिगंधा

अंजनवेल, ज्यांनी आयुष्यभर बस चालवली त्यांना नियम समजावून सांगणे सर्वांत सोपे असते, कारण ते प्रवाशांच्या जिवाची जबाबदारी घेऊनच चालवत आले आहेत. माझ्या वडिलांना मी पुस्तिका दिली आणि म्हटले, ‘बाबा, हे आधी तुम्ही वाचा आणि आम्हाला शिकवा.’ ते दोन दिवस वाचत होते आणि आमच्या चुका त्यांनीच काढल्या. मात्र पायांत बंद, जाड तळव्याचे बूट हवेत, ही अट मी सोडली नाही. ते आल्यावर पहिल्याच आठवड्यात बूट आणले. अंगात सैल कपडे नकोत. ऐकू कमी येत असेल तर ते मोअरवर असताना तुमच्यापैकी एकाने त्यांच्या नजरेच्या टप्प्यात उभे राहावे, आणि हात डोक्यावर आडवा धरला की पाती बंद करायची, एवढी एक खूण ठरवून घ्यावी. उताराचा भाग त्यांना देऊ नका. आणि नातवंडांना मांडीवर घेण्याचा प्रश्न ते येण्याआधी फोनवरच मिटवून टाका, कारण समोर नातू हात पसरून उभा असताना कोणत्याही आजोबांना नाही म्हणता येत नाही.

ओहायोकर

निशिगंधाताईंनी बरोबर सांगितले आहे, त्यात एकच भर घालतो. बस चालवणाऱ्या माणसाला आरशात पाहून गाडी मागे घ्यायची सवय असते, येथे आरसा नसतो. मोअर मागे घेण्यापूर्वी पाती बंद करून, मान पूर्ण वळवून मागे आणि खाली पाहायचे, आणि मागे जात असताना पाहतच राहायचे, हे त्यांच्याकडून सपाट जागी पाती न जोडता दहा-बारा वेळा करून घ्या. बहुतेक नव्या यंत्रांत रिव्हर्स टाकताच पाती आपोआप थांबतात, आणि ती व्यवस्था टाळण्यासाठी वेगळे बटण किंवा किल्लीची वेगळी खूण असते. ते बटण आपल्या घरापुरते नाहीच, असे समजून चाला. कापायची आखणी थोडी बदलली, झाडांभोवती गोल आणि कोपऱ्यांत रुंद वळणे घेतली, तर मागे जावे लागण्याचे प्रसंग फारच थोडे राहतात.

टेकडीघर

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. नवा स्विच बसवला आणि ओहायोकरांनी सांगितलेल्या सगळ्या चाचण्या केल्या. सीटवरून अंग उचलताच इंजिन बंद पडले, तेव्हा पत्नी आणि मी एकमेकांकडे नुसते पाहत राहिलो. पाती थांबायला मात्र आठ सेकंद लागत होते, म्हणून पातीचा ब्रेकही बदलून घेतला. ज्यांच्याकडून मोअर घेतला त्यांना फोन करून वायरींबद्दल सांगितले. त्यांनी तो त्याच अवस्थेत विकत घेतला होता आणि त्यांनाही काही माहीत नव्हते.

उतार फळी आणि पाणसळ लावून सात ठिकाणी मोजला. घराजवळ सहा-सात इंच भरले, मधल्या पट्ट्यात अकरा. ओढ्याकडच्या शेवटच्या भागात साडेसोळा इंच भरले, म्हणजे जवळजवळ १९ अंश, आणि त्याच भागात मी दोन महिने आडवा मोअर चालवत होतो. तेथे आता चार दोऱ्या बांधून हद्द आखली आहे. या वर्षी तो भाग ट्रिमरने कापेन आणि शरद ऋतूत तेथे जमिनीवर पसरणाऱ्या जुनिपर झुडपाची रोपे लावीन, म्हणजे पुढच्या वर्षी तेथे गवतच उरणार नाही.

मुलीला घेऊन बसलो आणि बंद मोअरचा डेक तिला लांबून दाखवला, आत पाती असतात आणि ती दिसत नाहीत हे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की बाबांचे पाय कुठे असतात. काल गवत कापायला निघालो, तेव्हा तिनेच आईचा हात धरला आणि माझे बूट घातले आहेत का ते पाहून मागचे दार आतून लावून घेतले.